शेवंतीचा गूळ आभाळात

मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या दारात घोडी आली. आम्हा दोघांपैकी घोडीला पुन्हा कुठेतरी काम मिळेल, असं सगळ्यांचं मत होतं.

घोडी माझ्या मेहुण्याची. विलासचा जबलपूरच्या गोहलपुर भागात वरातीच्या घोडीचा धंदा होता. पण नवरदेवांना आता घोडीपेक्षा मोटार बरी वाटायला लागली, कारण मोटारीत बसल्यावर फेटा सरळ राहतो आणि फोटो चांगला येतो. विलासने जुन्या थाटाची एक पांढरी मोटार घेतली आणि शेवंती विकायला काढली. हे कळलं त्या दिवशी माझी बायको कुंदा शाळेतून थेट गोहलपुरला गेली आणि संध्याकाळी घोडीला घेऊन, पायी, घरी आली. शेवंतीबरोबर तिचं सगळं वऱ्हाडी सामान आलं: जरीची झूल, घुंगरांची माळ, कपाळावरचा तुरा, मखमली खोगीर.

मी विरोध केला. आपलं आडनाव गजभिये, म्हणजे हत्ती आधीच आडनावात आहे, घोडी कशाला, असं मी म्हणालो. (निवृत्तीनंतर माझ्या विनोदांना घरात कोणी हसत नव्हतं. आधी हसायचे ते ऑफिसात, आणि तेही माझ्या हाताखालचे.) कुंदा म्हणाली, "तुम्हाला काही करायचं नाही. तुम्ही पेपर वाचा."

चेरीतालचं भाड्याचं घर सोडून आम्ही नर्मदेकाठी तिलवाऱ्याच्या बाजूला नव्या कॉलनीत घर बांधलं होतं. मागे मोकळी जागा होती, तिथे शेवंती राहू लागली. महिनाभरात मी पेपर घोडीला वाचून दाखवत होतो. ती ऐकायची. घरात तेवढं एकच माणूस ऐकत होतं.

सगळं ठीक चाललं असतं, पण त्याच वेळी कॉलनी बलूनच्या नादाला लागली. बाहेरगावच्या एका कॅप्टन साहेबांनी कॉलनीजवळचं मैदान भाड्याने घेतलं आणि पाऊस ओसरताच पर्यटकांना मोठ्या रंगीत फुग्यातून आभाळात न्यायला सुरुवात केली. खाली वेताची टोपली, टोपलीच्या वर गॅसचा बर्नर, त्याच्या वर घराएवढा फुगा. कॉलनीचे सेक्रेटरी तिवारीजी आपली जीप घेऊन बलूनच्या मागे मागे जायचे आणि तो जिथे उतरेल तिथून माणसं गोळा करून आणायचे. अर्धी कॉलनी दोर धरायला, उरलेली अर्धी पर्यटकांना पोहे-जिलेबी खाऊ घालायला. भाजी घ्यायला निघालेल्या बायकासुद्धा आधी आभाळाकडे पाहायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "आज हवा पूरब की है." क्वारातली, म्हणजे आपल्या आश्विनातली, सकाळ असली की नदीकाठी काशाचं उंच गवत तुऱ्यांनी पांढरं झालेलं, थोडी थंडी, थोडं धुकं, आणि त्यातून हळूच वर येणारा लाल-पिवळा फुगा. दिसायला फारच सुंदर. शेवंती सोडून सगळ्यांना आवडायचा.

शेवंतीला त्या बर्नरची भीती वाटायची. वरातीत तिने बँड ऐकले होते, फटाके ऐकले होते, नवरदेवाच्या काकांचं गाणं ऐकलं होतं. पण आभाळातून अचानक 'फुर्रर्र' असा आवाज यावा, हे तिला मान्य नव्हतं. पहिल्यांदा तिने दावं तोडून तिवारीजींची मेथी तुडवली. दुसऱ्यांदा ती कपडे वाळत घातलेल्या दोरीतून गेली आणि तिवारीजींची चादर पांघरून मैदानात पोहोचली. पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे तिकिटातच आहे.

मग कॉलनीची मीटिंग झाली. तिवारीजी वाईट माणूस नव्हेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "गजभिये जी, देखिए, घोड़ी बिदक के किसी दिन किसी को गिरा देगी. आधी कॉलनी का घर इसी गुब्बारे से चल रहा है. दिवाली तक आप उसका कहीं और इंतज़ाम कर लीजिए."

त्यांचं बरोबर होतं, हीच पंचाईत होती. मी कुंदाकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला असं बसलेलं मी लग्नाच्या इतक्या वर्षांत फार कमी वेळा पाहिलं होतं. आणि मी उठून उभा राहिलो. म्हणालो, घोडी कुठेही जाणार नाही, दिवाळीपर्यंत मी तिला तयार करतो, बलून डोक्यावर उतरला तरी पापणी हलवणार नाही.

घरी येताना कुंदाने विचारलं, "तुम्ही आजवर कोणाला काही शिकवलं आहे?"

मी म्हणालो, ऑफिसात दोन साहेबांना काम शिकवलं. ती म्हणाली, घोडी हुशार आहे.

दसऱ्याला आम्ही दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जातो. त्या वर्षी घोडीसाठी एकाने घरी राहणं भाग होतं. कुंदा गेली, आणि तिथून पुढे भंडाऱ्याला बहिणीकडे राहणार होती. मला मोकळं रान मिळालं. माझी पद्धत साधी होती: जिथे भीतीचा आवाज, तिथे लगेच गोड खाऊ. माळ्यावरचा पंपाचा स्टोव्ह काढला, अंगणात पेटवला. तो भडकला तेव्हा शेवंती दोन पावलं मागे गेली आणि मी सहा. पण आवाज झाला की मी तिच्या तोंडात गुळाचा खडा ठेवायचो. आवाज, गूळ. आवाज, गूळ. थोड्याच दिवसांत स्टोव्हची तिला ओळख पटली.

आता मोठा आवाज हवा होता. मी हलवायाकडून मिठाईची मोठी गॅसभट्टी आणली. ती पेटली की हुबेहूब बलूनसारखी गर्जना करायची. कॉलनीला वाटलं आमच्याकडे काही कार्यक्रम आहे. तिवारीजींच्या मिसेस डबा घेऊन आल्या आणि विचारू लागल्या की काय शुभकार्य आहे. मी म्हणालो घोडीचा अभ्यास चाललाय. त्या डबा घेऊन परत गेल्या, पण चालताना दोनदा मागे वळून पाहिलं.

शेवंतीची प्रगती मात्र डोळ्यांत भरण्यासारखी होती. भट्टी पेटली की ती कान टवकारून, मान डोलवत, धावतच यायची. एकदा मागच्या गल्लीत कोणाच्या तरी बारशाला आचाऱ्याने भट्टी पेटवली, तर शेवंती कुंपणावरून उडी मारून तिथे जेवायच्या पंगतीत उभी. यजमान रागावले. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांच्याकडेच जेवून आलो.

कुंदा परतली. मी तिला अंगणात खुर्ची दिली आणि भट्टी पेटवून दाखवली. शेवंती आली, गूळ खाल्ला, आणखी मागितला. कुंदा बराच वेळ घोडीच्या पोटाकडे बघत राहिली. पोट वाढलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही हिची भीती घालवून राहिले की हिला भूक लावून राहिले?"

मी म्हणालो, एकच आहे. भीती गेल्याशिवाय कोणी खातं का? ती उठली आणि आत गेली. शिक्षकांना दुसऱ्याचं शिकवणं पाहवत नाही, असं मी मनात म्हणालो.

परीक्षेचा दिवस दिवाळीच्या आधीचा ठरला. सकाळी सगळी कॉलनी मैदानात जमली. शेवंतीला मी पूर्ण वरातीच्या थाटात नेलं: झूल, तुरा, घुंगरं, खोगीर. परीक्षेला चांगले कपडे घालून जावं, एवढाच विचार. त्या दिवशी बलूनमध्ये भोपाळचं एक वयस्कर जोडपं होतं, सक्सेनाजी आणि त्यांच्या मिसेस. मुलांनी त्यांना लग्नाच्या वाढदिवसाची ही भेट दिली होती. सक्सेनाबाई गुडघ्यांनी अधू, पण रेशमी साडी, केसांत गजरा, चेहऱ्यावर उत्साह.

कॅप्टन साहेबांनी बर्नर लावला. फुर्रर्र! सगळे शेवंतीकडे पाहू लागले. शेवंती जागची हलली नाही. हलली ती पुढच्या बाजूला, बर्नरकडे. टाळ्या वाजल्या. तिवारीजींनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "अब ज़रा बैठ जाइए, एक फोटो हो जाए." दोघातिघांनी मिळून मला खोगिरावर चढवलं. मी जन्मात पहिल्यांदा घोडीवर बसलो होतो. वरून कॉलनी लहान दिसत होती. गर्दीत कुंदा दिसली. ती हाताने काहीतरी खूण करत होती. मला वाटलं कौतुक करते आहे. ती खिसा दाखवत होती.

माझ्या खिशात गूळ नव्हता. परीक्षेला कोणी पुस्तक नेतं का?

बलून उचलला गेला. वर जाताना पुन्हा बर्नर पेटला, मग पुन्हा. शेवंतीने मान मागे वळवून माझ्या खिशाकडे पाहिलं. खिशातून काही आलं नाही. तिने वर पाहिलं. आणि तेव्हा तिच्या डोक्यात जे आलं ते मला बसल्या जागी समजलं: एवढा मोठा आवाज, म्हणजे एवढा मोठा गूळ, आणि तो आभाळातून तिला सोडून निघाला होता.

ती निघाली.

मैदानाच्या फाटकातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात लगाम होता असं लोक सांगतात. माझ्या आठवणीप्रमाणे हातात तुरा होता. रस्त्यावर एक बस थांबली. पुढे वाटाण्याची शेतं, नुकती उगवलेली, आणि त्यांच्या बांधावरून शेवंती, घुंगरं वाजवत. बर्नर पेटला की ती धावायची. बर्नर थांबला की तीही थांबायची आणि शांतपणे गवत खायची. मग मी उतरण्यासाठी एक पाय सोडवायचो, तेवढ्यात वर पुन्हा फुर्रर्र, आणि मी एका पायावर पुढच्या शेतात. एका गावाच्या कडेला दोन म्हाताऱ्या कट्ट्यावर बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली की दूल्हा जा रहा है, बारात कहाँ है? दुसरीने माझं डोकं पाहिलं आणि म्हणाली, "इस उमर में? भाग के आया होगा."

पुढे तळं लागलं. आमच्याकडे या दिवसांत तळी शिंगाड्यांच्या हिरव्या वेलींनी झाकलेली असतात आणि लोक पाण्यात उतरून शिंगाडे तोडत असतात. बलून तळ्यावरून पलीकडे गेला. शेवंती समजूतदार जनावर, ती काठाशी थांबली. मी थांबलो नाही.

कच्च्या शिंगाड्याला दोन शिंगं असतात. ती कशासाठी असतात हे शेतकी कॉलेजात शिकवत असतील. मला त्या दिवशी अनुभवाने कळलं, आणि तो अनुभव बसण्याच्या जागेशी निगडित असल्यामुळे इथे फार लिहीत नाही. शिंगाडे तोडणाऱ्या मंडळींनी मला बाहेर काढलं, अंगावरच्या वेली सोडवल्या आणि आदराने विचारलं की लग्न कुठल्या गावाला आहे.

तळ्याला वळसा घालून मी पलीकडे पोहोचलो तर वारा पडला होता आणि बलून उतरला होता. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला नाला, मधे ओल्या शेताचा तुकडा. शेवंती आधीच पोहोचली होती आणि तिने टोपलीत मान घातली होती. आत सक्सेनाबाई बसून होत्या, अंग चोरून, गजरा विस्कटलेला. उतरताना टोपली जरा कलली होती, कोणाला लागलं नव्हतं, पण त्या फार घाबरल्या होत्या. तिवारीजींची जीप दूर नांगरलेल्या रानात रुतून बसली होती. पायी जायचं तर अरुंद बांध आणि चिखल, आणि बाईंचे गुडघे तसे. सक्सेनाजी त्यांचा हात धरून उभे होते. सगळं माझ्यामुळे झालं नव्हतं, पण तिथे उभं राहून मला तसंच वाटत होतं.

कॅप्टन साहेबांनी शेवंतीकडे पाहिलं, मखमली खोगिराकडे पाहिलं, माझ्या अंगावरून टपकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मैडम, घोड़ी पे बैठेंगी?"

मला वाटलं त्या रडतील. पण शेवंतीने टोपलीतून मान वर काढली तेव्हा तिच्या ओठाला गजऱ्याचं एक फूल चिकटलं होतं, आणि ते पाहून बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "शादी में ये घोड़ी पे आए थे. मैं अंदर बैठी थी, घूँघट में. बारात मैंने देखी ही नहीं." नवऱ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, "आज मैं बैठूँगी, आप पैदल चलिए."

माझ्यामागोमाग आलेल्या शिंगाडेवाल्यांनी मदत केली आणि बाई बसल्या. शेवंती निघाली, अगदी पाऊल मोजत, पाठीवर काच ठेवल्यासारखी. थोडं चालली आणि थांबली. मी ओढलं, हलेना. ढकललं, हलेना. तेवढ्यात रुतलेली जीप सोडून कुंदा चिखलातून येऊन पोहोचली. तिवारीजी तिच्या मागे, चपला हातात. कुंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण प्रश्न विचारले नाहीत. ते घरी विचारायचे असतात.

"काहून ओढून राहिले तिला?" ती म्हणाली. "भरजरी कपड्यातलं माणूस पाठीवर बसलं म्हणजे ती वरातीत आहे. समोर नाचल्याशिवाय ती नाही हलायची."

विलासने तिला वर्षानुवर्षं तेच शिकवलं होतं. थोडं चालायचं, थांबायचं, वऱ्हाडी नाचून दमले की पुढे.

आता काय करणार? मी नाचलो. ओल्या विजारीत, कंबरेला शिंगाड्याची वेल, मी बांधावर हात वर करून नाचलो. शेवंती चार पावलं चालली आणि थांबली. तिने मला पुन्हा नीट न्याहाळलं. एकट्याच्या नाचाने तिचं समाधान होत नव्हतं. मग कुंदा टाळ्या वाजवायला लागली, तिवारीजींनी चपला खाली टाकल्या आणि हात वर केले. एका शिंगाडेवाल्याने डबा बडवायला घेतला. कॅप्टन साहेबांना नाच येत नव्हता, पण आकाशात माणसं नेणाऱ्याला जमिनीवर लाजून कसं चालेल? सगळ्यात शेवटी सक्सेनाजी आले. त्यांनी खिशातला रुमाल काढला, तो दोन बोटांत धरला आणि बायकोच्या घोडीपुढे असे काही नाचले की त्या तोंडावर पदर धरून हसत राहिल्या. मग शेवंती चालू लागली.

असे आम्ही नाचत, थांबत, पुन्हा नाचत रस्त्यापर्यंत आलो. त्या दोन म्हाताऱ्या अजून कट्ट्यावरच होत्या. या वेळी नवरी घोडीवर आणि दूल्हा चिखलात पाहून त्या नुसत्या उठून उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर मी पालथा झोपलो आणि कुंदा चिमट्याने काटे काढत बसली. मग म्हणाली, "घोडी नको होती ना तुम्हाला?"

मी म्हणालो, आता तिला माझी सवय झाली आहे, उगाच जनावराचं मन कशाला मोडा.

तिने पुढचा काटा जरा हळू काढला.

दिवाळीनंतर पुन्हा मीटिंग झाली. सक्सेना पतिपत्नींनी भोपाळला जाऊन अशी काही वर्णनं केली होती की येणारा प्रत्येक पर्यटक आधी विचारायचा, घोडीवाली फेरी कोणती? शिवाय कॅप्टन साहेबांच्या लक्षात आलं होतं की बलून कुठे उतरला हे जीपच्या आधी शेवंतीला कळतं, आणि जिथे जीप जात नाही तिथे ती जाते. तिवारीजींनी स्वतःच ठराव मांडला की शेवंती उतरवणाऱ्या टोळीत राहील. कुंदाने दोन अटी घातल्या: गूळ टोपलीतच ठेवायचा आणि मोजून द्यायचा, आणि मला घोडीवर बसवायचं नाही. दोन्ही अटी एकमताने मंजूर झाल्या. दुसऱ्या अटीला टाळ्याही पडल्या.

आता क्वार लागला की कुंदा शाळेच्या आधी शेवंतीला मैदानावर नेते आणि मी मागून डबा घेऊन जातो. गेल्या वर्षी कॅप्टन साहेबांनी आम्हा दोघांना मानाने बलूनमधून फिरवून आणलं. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी वरून दिसणाऱ्या जबलपूरचं वर्णन ऐकवतो: नर्मदेचं वळण, काशाच्या गवताची पांढरी बेटं, तळ्यांचे हिरवे तुकडे, वाटाण्याच्या शेतातून बांधाबांधाने येणारी ठिपक्याएवढी शेवंती. लोक तल्लीन होऊन ऐकतात. हे सगळं मला कुंदाने सांगितलं. मी तो पूर्ण वेळ टोपलीच्या तळाशी, गॅसच्या सिलिंडरला मिठी मारून बसलो होतो. सिलिंडर मात्र मी स्वतः पाहिलं आहे, अगदी जवळून.